वॉटफर्डमधलं प्रवाळ

वॉटफर्ड, १६ फेब्रुवारी २००३

प्रिय वैभू,

तुझं फिजीहून आलेलं पहिलं पत्र शुक्रवारी मिळालं. बाबांनी ते दारातच फोडलं आणि जिन्यावर बसून वाचलं, त्यामुळे माझा नंबर दुसरा लागला. तू सुखरूप पोचलीस, पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं गरम आहे, प्रोजेक्टचे लोक चांगले आहेत, सगळं कळलं. दोन पानं प्रवाळावर, दीड पान घरमालकिणीवर, आणि शेवटी ‘तुम्ही दोघं कसे आहात?’ आम्ही दोघं बरे आहोत.

हे पत्र मराठीत आहे आणि पुढचीही मराठीतच येतील. इंग्रजीत लिहिलं तर तुझ्या त्या घरात कोणीही उचलून वाचेल. दर शनिवारी तुला एजवेअरला मराठीच्या वर्गाला नेत होते, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे. शिवाय मला मोकळेपणाने लिहिता येतं.

तर मोकळेपणाने. या राजमतीबाई रिटायर्ड शिक्षिका, उसाच्या शेताकडेला त्यांचं घर, समुद्र पायी जाण्याइतका जवळ. ठीक आहे. पण तू त्यांना मौसी म्हणतेस. मौसी म्हणजे मावशी, मावशी म्हणजे माझी बहीण. या वयात मला एक बहीण झाली आणि मला कोणी विचारलं नाही.

तू समुद्रातून आलीस की त्या तुझ्या केसांना खोबरेल तेल चोळतात, असं लिहिलंयस. इथे मी तेलाची वाटी घेऊन आले की तू म्हणायचीस, ‘आई, प्लीज, उद्या लोकांना भेटायचंय.’ तिकडे माशांना चालतं वाटतं.

आणि डाळीत नारळाचं दूध? सांभाळून खा. अशा गोड डाळीवर कोणाचा जीव जडत असेल तर जडो.

तुझ्या खोलीला हात लावलेला नाही. बाबांना तिथे कॉम्प्युटर ठेवायचा होता. मी म्हटलं, ती ऑक्टोबरला येणार आहे, आठ-नऊ महिन्यांसाठी कोणी खोली मोडत नाही.

तुझी,
आई


वॉटफर्ड, १८ मे २००३

वैभू,

तुझं मदर्स डेचं कार्ड काल आलं. इथला मदर्स डे, मार्चमधला मदरिंग संडे, येऊन गेला तेव्हा मी काही बोलले नव्हते. लायब्ररीत सगळ्या जणी डॅफोडिल्स आणि चॉकलेटं दाखवत होत्या, मी परत आलेली पुस्तकं लावत होते. तुझ्याबरोबर मराठीच्या वर्गात असलेली स्वातीची तनिषा मिल्टन कीन्सहून गाडी चालवत एजवेअरला आली आणि आईला जेवायला घेऊन गेली. स्वातीने मला फोन करून मेन्यूसुद्धा सांगितला. मी म्हटलं, आमची वैभवी समुद्राखाली असते, तिथे तारीख कळत नाही.

आता कळलं की तारीख कळते. तिकडे हा दिवस मेमध्ये असतो आणि तू तिकडची तारीख पाळलीस.

कार्ड सुंदर आहे. फोटोही सुंदर आहे. राजमतीबाईंच्या गळ्यात फुलांचा हार आहे आणि तू त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आहेस. तुझी हनुवटी अशी टेकलेली मला आठवत नाही. असेल, लहान असताना. बाबा म्हणाले, ‘बाई प्रेमळ दिसतात.’ मी म्हटलं, फोटोत कोण दिसत नाही?

तुझा कामाचा भाग मी नीट वाचला, म्हणजे तुला वाटायला नको की आई फक्त हारच बघते. पाणी नेहमीपेक्षा थोडं जरी जास्त गरम झालं आणि तसंच राहिलं, की प्रवाळ स्वतःच्या आतलं शेवाळ बाहेर टाकतं. त्या शेवाळानेच त्याला रंग असतो आणि त्यावरच त्याचं पोट चालतं. मग ते पांढरं पडतं, पण लगेच मरत नाही, उपाशी राहून वाट बघतं. तू दोरी लावून पोहत जातेस आणि त्या दोरीखाली काय जिवंत, काय पांढरं, काय मेलेलं ते मोजतेस. हे सगळं मला समजलं. लायब्ररीत एक जुनं पुस्तकही मिळालं, त्यात फिजीचं पान आहे. ते मी माझ्याच कार्डावर घेतलंय आणि परत करायची घाई नाही.

गावच्या लोकांनी थोडा समुद्र बंद ठेवायचा विचार चालवलाय, म्हणजे तिथे कोणी मासे धरायचे नाहीत, काही तोडायचं नाही, असं तू लिहितेस. चांगलं आहे. त्यांना ऑक्टोबरच्या आत ठरवायला सांग.

आई


वॉटफर्ड, २९ जून २००३

वैभू,

तुझ्यासाठी एक गंमत आहे. महिनाभर पोटात ठेवली, आता सांगते.

आपल्या सिटिंग रूममध्ये, टीव्हीच्या बाजूला, समुद्र आला आहे. गार्डन सेंटरच्या मागे माशांचं दुकान आहे ना, तिथून खाऱ्या पाण्याची टाकी आणली. पंप, दिवे, हीटर, सगळं. बाबांनी पाठ धरून आत आणली आणि दोन दिवस वाकून चालत होते. नुसतं पाणी काय बघायचं, म्हणून दुकानदाराने खडक दाखवले. जांभळे, गुलाबी, भोकाभोकांचे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून विमानाने आलेले. याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. मी विचारलं, कुठचे? तो म्हणाला, ‘फिजी, लव्ह. बेस्ट देअर इज.’

मी आणखी विचारलंच नाही. सगळ्यात मोठे बघून घेतले.

एका संध्याकाळी त्यातल्या एका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला आणि इकडे तिकडे बघायला लागला. बाबा म्हणाले, ‘नंदा, हा व्हिसा न घेता आलाय. होम ऑफिसला कळवायचं का?’ आम्ही इतके हसलो की शेजारच्या मार्गारेटने भिंत ठोकली. गेल्या आठवड्यात दुकानदाराने प्रवाळाचाही एक तुकडा दिला, चहाच्या रंगाचा. रात्री त्याच्यातून बारीक बोटं बाहेर येतात. मी समोर खुर्ची टाकून बसते.

तू इथे परत आलीस की तुला समुद्राची आठवण काढत बसावं लागणार नाही. तेलाची बाटलीही आणून ठेवली आहे, पॅराशूटची. राजमतीबाईंकडे अशी टाकी असेल असं वाटत नाही.

आई


वॉटफर्ड, २० जुलै २००३

वैभवी,

फोनवर जे झालं त्यानंतर पत्र लिहू नये असं बाबांचं मत आहे. म्हणून ते बाहेर गेल्यावर लिहिते आहे.

तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी वाढवून सांगते.

‘आई, ती दगड कुठून आला माहितीये का तुला?’
‘दुकानातून.’
‘आई! लोक ओहोटीला लोखंडी बार घेऊन जातात आणि रीफ फोडतात. माझ्या डोळ्यांसमोर! तो ट्रकमध्ये जातो, मग एअरपोर्ट. ते तुझ्यासारखी बायका विकत घेतात म्हणून!’
‘मग परत देऊन येते.’
‘नो! परत नको, फेकूपण नको. त्याच्यात सगळं जिवंत आहे. आता तुलाच सांभाळायला पाहिजे. पाणी सव्वीसच्या वर जाऊ देऊ नको.’

बायकांना ‘ते’ म्हटलंस तेही सोडून देते. मी विचारलं, मग गाववाले का फोडतात, त्यांचाच समुद्र आहे ना? तर तू एकदम चिडलीस की त्यांना दोष देऊ नको, मुलांच्या शाळेची फी त्यातून निघते, आणि फोडलेल्या जागी लाटा आत येतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर मीटिंग बोलावली आहे. ठीक. मी कोणालाही दोष देत नाही. सगळा दोष वॉटफर्डचा.

पण त्याचं मला एवढं नाही लागलं. तू ओरडत होतीस तेव्हा मागून एक आवाज आला, ‘बेटी, धीरे.’ आणि तू आवाज खाली आणलास. लगेच. तुझा जन्म झाल्यापासून मी तुला ‘हळू बोल’ म्हणते आहे. वॉटफर्ड जनरलमध्ये नर्सने तुला माझ्या हातात दिलं तेव्हाही पहिलं वाक्य मी तेच बोलले होते. तू कधी ऐकलं नाहीस.

त्या बाईंना स्वतःची मुलगी नाही का? नसेल तर वाईट वाटतं. असेल तर तिला सांभाळावं.

ऑक्टोबरबद्दल विचारलं तर तू म्हणालीस, ‘बघू.’ तुझ्या बाबांना नाही म्हणायचं असतं तेव्हा ते ‘बघू’ म्हणतात. इतकी वर्षं संसार केलाय, मला त्या शब्दाचा अर्थ कळतो.

आई


वॉटफर्ड, १२ ऑगस्ट २००३

वैभू,

इथे भयंकर उकडतंय. रविवारी टीव्हीवर सांगितलं की इंग्लंडमध्ये इतकं तापमान आजवर कधी झालं नव्हतं. ट्रेन हळू चालताहेत, रूळ वाकतात म्हणे. मार्गारेट बागेत पाय बादलीत घालून बसली होती.

टाकीचा हीटर मी आधीच बंद केला होता, तरी पाणी चढत गेलं. अठ्ठावीस. मग तीस. दुकानात फोन केला तर तो म्हणाला, बर्फ पिशवीत बांधून तरंगवत ठेवा, पंखा लावा. बर्फ कुठेच मिळेना. मी फ्रीझरमधले मटार, मक्याचे दाणे, तू येशील तेव्हासाठी ठेवलेले मोदक, सगळं पिशव्यांत घालून पाण्यावर सोडलं. बाबा उघड्या अंगाने पुठ्ठ्याने वारा घालत होते. ‘सत्यनारायणाची एवढी सेवा केली असती,’ म्हणाले, ‘तर पोरगी घरात असती.’ मी त्यांच्याकडे बघितलं, तर पुन्हा वारा घालायला लागले.

काल सकाळी पडदा उघडला तर तो प्रवाळाचा तुकडा पांढरा होता.

पांढरा म्हणजे मी समजत होते तसा नाही. फिकट, मळका वगैरे नाही. काच असावी तसा, आत हाडासारखं दिसत होतं. इतका स्वच्छ आणि सुंदर की आधी क्षणभर मला बरं वाटलं. मग कळलं. बोटं अजून बाहेर येतात, वैभू. मी दिवा मालवून पाहिलं. येतात आणि हलतात, पण त्यांच्यात काहीच रंग नाही.

लायब्ररीत फोन केला की बरं नाही, आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिले. दुसरं काही करता येत नव्हतं. तू हे रोज मैलभर बघत पोहतेस ना? आणि वर येऊन पत्रात लिहितेस की पाणी छान आहे.

मला तू सांगितलं नाहीस. पुस्तकातलं सगळं सांगितलंस, पांढरं का पडतं, किती टक्के पडलं. बघताना कसं वाटतं ते सांगितलं नाहीस. त्यांना सांगत असशील. समुद्रातून येऊन, तेल लावून घेताना.

आई


वॉटफर्ड, १४ सप्टेंबर २००३

वैभवी,

पाकिटातून दोन कागद निघाले. आधी तुझा वाचला.

गावाच्या मीटिंगमध्ये ठरलं की जिथून दगड जात होते तो सगळा पट्टा बंद. तीन वर्षं कोणी हात लावणार नाही, गावच्या पाद्र्यांनी प्रार्थना केली, पाण्यात खांब रोवून त्याला नारळाच्या झावळ्या बांधल्या. दगड फोडणारी माणसंच आता राखण करणार. आणि बंद ठेवल्याने काही फरक पडतो का, हे मोजायला माणूस हवं, त्यांनी तुला राहशील का विचारलं. तू हो म्हटलेलं नाहीस. आईचं उत्तर आल्यावर सांगते, असं तू त्या सगळ्या गावासमोर म्हणालीस. हे वाचून मी बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.

मग दुसरा कागद वाचला. देवनागरी, सुवाच्य, फळ्यावर लिहितात तसं.

‘नंदा बहन, नमस्ते। दाल में नारियल का दूध अब नहीं डालती। बेटी को आपकी वाली दाल चाहिए, विधि लिख भेजिए। मेरी एक बेटी है। दो हज़ार में यहाँ सरकार पलटी, तब ब्रिस्बेन चली गई। वहाँ भी कोई मौसी होगी। मैं उसका नाम नहीं पूछती। राजमती।’

मी तेव्हाच फोन लावला. तुझ्याकडे पहाट होती, त्याचं मला काही वाटलं नाही.

‘वैभवी, माझी पत्रं त्या बाईंनी वाचली?’
‘आई... मला तुझा हॅंडरायटिंग वाचता येत नाही.’
‘म्हणजे?’
‘म्हणजे मराठीच नीट नाही वाचता येत. इट टेक्स मी अ होल डे. मौसी हिंदी टीचर होती ना. ती वाचते मोठ्यानी, मला ऐकून कळतं. तिला सगळं नाही कळत, मग मी सांगते.’
‘सगळं सांगितलंस?’
‘काही काही स्किप करायचा ट्राय केला. पण तोपर्यंत तिनी वाचलेलं असायचं.’
‘आणि मग? काय म्हणायच्या?’
‘हसायची. एकदा नाही हसली.’

कधी नाही हसल्या ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

म्हणजे फेब्रुवारीपासून मी जे जे लिहिलं ते त्यांच्या व्हरांड्यात मोठ्याने वाचलं गेलं. मला वाटत होतं, निदान माझं पत्र आलं की तेवढा वेळ तू माझी असतेस. कुठेतरी कोपऱ्यात बसून माझं अक्षर बघत असशील. तर ते अक्षरही त्यांच्याकडे गेलं. माझा राग, माझे टोमणे, सगळं तुला त्यांच्या आवाजात ऐकू आलं. आईचा आवाज तुला आता कसा आठवतो, त्यांच्यासारखा?

बाबा हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘अगं, मोकळेपणाने लिहीत होतीस ना?’ म्हणाले. त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

उत्तर आत्ता देत नाही. हे पत्रही त्याच वाचणार. वाचू देत.

आई


वॉटफर्ड, २८ सप्टेंबर २००३

राजमतीबाई यांस,

हिंदीत सुरुवात केली होती, दुसऱ्या ओळीत अडले. तुम्ही वाचा, वैभवी अर्थ सांगेल. तुमची ती पद्धत बसलेलीच आहे.

जुलैच्या पत्रात तुमच्या मुलीबद्दल जे लिहिलं, ते मला तिचं ब्रिस्बेनचं माहीत असतं तर लिहिलं नसतं. बाकीचं सगळं लिहिलं असतं. ते खरं होतं आणि अजून आहे. तुम्ही तिच्या केसांना तेल लावता ते मला आवडत नाही. तुम्ही ‘धीरे’ म्हटल्यावर ती ऐकते ते मला आवडत नाही. तुम्ही चांगल्या बाई आहात हे तर मला मुळीच आवडत नाही, नाहीतर माझं काम सोपं झालं असतं.

डाळ अशी: तूर मऊ शिजवायची, हळद आणि हिंग शिजतानाच. फोडणी तुपाची, जिऱ्याची. गूळ आणि आमसूल थोडंसं. नारळ वरून, ओला, किसलेला, आणि तोही तिने मागितला तर. पहिल्यांदा बिघडेल.

तुमच्या बाजूच्या समुद्राचे काही दगड माझ्या घरात आहेत. ते आता परत तुमच्याकडे येऊ शकत नाहीत, वैभवी म्हणते इथलं काही तिथे सोडणं धोक्याचं असतं. म्हणून मी ते सांभाळते. पांढऱ्या तुकड्याच्या एका कडेला किंचित तपकिरी दिसायला लागलंय. मला भास होतो की काय म्हणून बाबांना, म्हणजे वैभवीच्या बाबांना, चष्मा लावून बघायला लावलं. त्यांनाही दिसतं. दुसरी बाजू मात्र गेली, तिच्यावर बाहेरचं हिरवं शेवाळ चढलं आहे.

तीन वर्षांचं मी सारखं मनात घोळवते आहे. स्वाती म्हणते, हट्ट धर, मुलगी एकदा लांब राहिली की परत येत नाही. तुमची आली नाही. माझी येईल का, हे तुम्हीही सांगू शकणार नाही. पण हट्ट धरून ती आली, तर रोज संध्याकाळी ती माझ्या सिटिंग रूममध्ये त्या टाकीसमोर बसेल आणि मी तिच्या पाठीकडे बघत बसेन. ते मला नको आहे. तुम्हाला ती हवी आहे म्हणून मी हे करत नाही, एवढं लक्षात ठेवा.

तिच्या तब्येतीकडे बघा. कान दुखला तर ती सांगत नाही, उजवा. लाटा मोठ्या असतील तेव्हा तिला ‘धीरे’ म्हणा. ऐकते ना तुमचं? मग म्हणा.

आता इथून खालचं तुम्ही वाचू नका. कागद तिच्या हातात द्या आणि आत जा. अवघड अक्षरं मी टाळली आहेत, मोठं लिहिलं आहे. ती अडली, तिला दिवस लागला, तरी सांगू नका.

नंदा

वैभू,
तू तिकडे राहा.
मला राग आला आहे. तो इतका लवकर जाणार नाही.
मी आणि बाबा डिसेंबरला येतो.
विमानतळावर तू ये.
एकटी ये.
आई